बाक निन्हच्या विहारात आईचं नाव

मी चमत्कार मानणारी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. व्हर्जिनियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. काचपट्टीवर जे दिसलं तेवढंच रिपोर्टात लिहायचं, त्याचा अर्थ डॉक्टर लावतील, ही आमची शिस्त. आत्ताही त्याच शिस्तीने लिहिते आहे. जे दिसलं, जे ऐकू आलं, तेवढंच.

माझं माहेर नागपूरचं. आईने नव्या नवरीच्या वयात, पांढरी साडी नेसून, हजारो माणसांच्या गर्दीत उन्हात उभं राहून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून पांढरं म्हणजे आमच्या घरात मंगल. वंदनेला पांढरं, लग्नात पांढरं, बारशाला पांढरं. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि धम्मही गणितासारखाच शिकवायचे. ‘बुद्ध देत नाही, शिकवतो. काही मागायचं असेल तर दुकानात जा,’ असं म्हणायचे. त्यामुळे नवस, कौल, अंगारा यांतलं काही मला ठाऊकच नाही. ठाऊक होती ती फक्त वंदना. मूर्तीपुढे एक मेणबत्ती, दोन उदबत्त्या आणि मग त्रिशरण-पंचशील. तेही आईच्या आवाजात.

आई संत्र्यांच्या बाजारात फळं निवडायच्या कामाला होती. देठापाशी अंगठा दाबायचा, फळ नाकाशी न्यायचं आणि टोपलीत टाकायचं. हिरव्या सालीचं संत्रं आतून गोड आहे की आंबट, हे ती न सोलता सांगायची आणि चुकायची नाही. मी अमेरिकेला निघाले तेव्हा तिने मला बारीक निळ्या काठाची एक पांढरी सुती साडी दिली आणि म्हणाली, ‘वंदनेला हीच नेस. तिकडे थंडी असली तरी आतून स्वेटर घाल, पण हीच नेस.’ व्हर्जिनियात हर्नडनला आमच्या घरी पहिल्या वर्षी मी ती नेसून दार उघडलं, तर शेजारच्या काकू एकदम घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. ‘अगं, घरी सगळं ठीक आहे ना?’ मला राग आला होता. पांढरं म्हणजे दुःखच का असायला हवं, यावर मी त्या माउलीला दारातच लेक्चर दिलं. स्वभावच तसा माझा, काय करणार.

दर रविवारी सकाळी, म्हणजे नागपुरात संध्याकाळी, आम्ही मायलेकी फोनवर वंदना म्हणायचो. कॉलिंग कार्डाच्या दिवसांपासूनचा हा रिवाज. फोनवर आईचा आवाज अर्धा क्षण उशिरा यायचा. माझी ओळ संपायची आणि मग तिची ओळ येऊन पोचायची. मी आपली घाईत पुढची ओळ सुरू करायचे आणि ती मध्येच थांबवून म्हणायची, ‘पुढे पळू नकोस गं. माझ्यासोबत म्हण.’ मी म्हणायचे, ‘आई, फोनच तसा आहे, त्याला मी काय करू?’ त्यावर ती म्हणायची, ‘मग थांब थोडी.’ इतक्या वर्षांत मी थांबले म्हणून आठवत नाही.

कोविडची दुसरी लाट आली तेव्हा आमच्या लॅबमध्ये श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका रविवारी मी शिफ्टवर होते. आईचा फोन आला आणि मी म्हटलं, ‘आई, आज कॅन्सल करू. पुढच्या रविवारी दोनदा म्हणू.’ ती म्हणाली, ‘बरं. जेवून घे.’ पुढचा रविवार तिला मिळाला नाही. दादाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला, तो मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहिला. मी रडले नाही. फोन ठेवला, ग्लव्ह्ज घातले आणि कामाला लागले.

त्यानंतर माझी वंदना बंद पडली. ठरवून नाही. मी मेणबत्ती लावायचे, हात जोडायचे, पहिला शब्द घशाशी यायचा आणि तिथेच अडायचा. डॉक्टरकडे जाऊन घसा तपासून घेतला. लॅबवाली बाई, दुसरं काय सुचणार? घसा उत्तम होता. चार वर्षं मी मूर्तीपुढे मुक्याने बसत होते आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? मी जिला नाही म्हटलं, तिच्याशिवाय मला म्हणता येत नाही, हे?

गेल्या वर्षी माझ्या लेकीला, प्रज्ञाला, मुलगी झाली. प्रज्ञा इथलीच, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, “आई, नेमिंग सेरेमनीला वंदना तूच लीड करायची. आय डोन्ट नो द वर्ड्स, अँड आय वॉन्ट हर टु हिअर इट फ्रॉम यू.” मी ‘बघू’ म्हणाले. ती हिरमुसली. तिला वाटलं, मला उत्साह नाही. पोरीला काय सांगू, की तुझ्या आजीचे शब्द आता तुझ्या आईच्या तोंडून निघतच नाहीत? मी थंडी जाऊ दे, बाळ थोडं मोठं होऊ दे, असं करत बारसं पुढे ढकलत राहिले.

अशात लानने मला व्हिएतनामला येण्याचा आग्रह केला. लान म्हणजे लॅबमधली माझी वीस वर्षांची मैत्रीण. तिचा भाऊ हनोईशेजारच्या बाक निन्ह प्रांतात राहतो. म्हणाली, ‘आमच्याकडे हजार-हजार वर्षांचे विहार आहेत. तू बुद्धाची आणि एकही बघितला नाहीस, शोभतं का?’ मी गेले खरी, पण श्रद्धेने नाही. घर सोडून कुठेतरी जायला हवं होतं, म्हणून गेले.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही दोन विहार पाहिले. एक टेकडीच्या उतारावर होता आणि त्याच्या पायऱ्यांपुढे दगडी हत्ती, घोडे, म्हशी जोडीजोडीने बसवलेले. दुसऱ्यात हजार हातांची एक लाकडी मूर्ती होती आणि तिच्या प्रत्येक तळहातावर एक डोळा कोरलेला. देखणं होतं सगळं, नाही कशाला म्हणू. पण माझ्या आतला गणिताचा मास्तर गप्प बसेना. मूर्तीपुढे बिस्किटांचे पुडे, फळांचे डोंगर आणि चक्क बियरचे कॅन रचलेले. माणसं उदबत्त्यांचे जुडगे कपाळाला लावून काहीबाही मागत होती. मी लानला म्हटलं, ‘आमच्या बाबांनी हे पाहिलं असतं तर सगळ्यांना ओळीने उभं करून तास घेतला असता.’ लान हसली. म्हणाली, ‘तुझा बुद्ध फार कडक आहे.’

तिसऱ्या दिवशीचा विहार सगळ्यात जुना. लानच्या सांगण्यानुसार, फार पूर्वी भारतातून समुद्रमार्गे आलेला एक भिक्खू तिथे राहिला होता. ते ऐकून मी पेटीतून आईची पांढरी साडी काढली. निदान बौद्धांच्या देशात तरी पांढऱ्या साडीबद्दल कुणी विचारणार नाही, असं मनात म्हटलं. नेमका लानला सकाळी ताप भरला. तिने मला ड्रायव्हरसोबत एकटीलाच पाठवलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला व्हिएतनामी. त्याने मला कमानीपाशी सोडलं आणि गाडी झाडाखाली लावून तो डुलक्या काढायला लागला.

बारीक पाऊस भुरभुरत होता. मी पदर डोक्यावरून घेतला आणि विटांच्या अंगणातून आत गेले. उंबरठा गुडघ्याएवढा उंच. तो ओलांडते न ओलांडते तोच तपकिरी झग्यातल्या एक आजीबाई लगबगीने पुढे आल्या. पाठीत वाकलेल्या, ऐंशीच्या तरी असतील. माझ्या साडीकडे पाहिलं, डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं आणि काही न विचारता त्यांनी माझं मनगट धरलं. मी आपलं ‘टुरिस्ट, टुरिस्ट’ म्हणत होते. त्यांनी मान डोलावली आणि मला बाजूच्या एका दालनात नेलं.

तिथे वीस-पंचवीस माणसं चटयांवर बसली होती. सगळ्यांच्या कपाळाला पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. समोर वारलेल्या माणसांचे फोटो, फळं, फुलं. म्हणजे इथेही पांढरं म्हणजे तेच. ज्या गोष्टीवरून मी हर्नडनच्या काकूंना झापलं होतं, तीच चूक मी स्वतःच्या पायांनी चालत येऊन केली होती. कुणाच्या तरी घरच्या दुःखात मी आगंतुक घुसले होते. उठून पळावंसं वाटलं. पण आजीबाईंनी माझं मनगट काही सोडलं नाही. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं, माझा घसरलेला पदर नीट केला आणि समोरच्या फोटोंकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहत भुवया उंचावल्या. तुझं कोण, असं विचारत होत्या.

चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इतरांचं जाऊ दे, मी त्यांना विचारू दिला नव्हता. एका गृहस्थांनी माझ्यापुढे पिवळा कागद आणि पेन सरकवलं. त्यावर नावांची यादी होती. त्यांची लिपी रोमनच, म्हणून मला लिहिता आलं. मी सगळ्यात खाली लिहिलं, अनुसया. माझ्या आईचं नाव.

मग भिक्खूंनी पाठ सुरू केला. लाकडी ठोकळ्यावरच्या टोल्यांची संथ टकटक आणि तिच्या तालावर सगळ्यांचा आवाज. मला एक शब्द कळत नव्हता. आजीबाई म्हणायच्या आणि त्यांच्या मागून मी नुसते ओठ हलवायचे, अर्धा क्षण उशिराने. मध्येच भिक्खूंनी तो पिवळा कागद उचलला आणि नावं वाचायला घेतली. एकेका नावाला एकेक घर हुंदका द्यायचं. आणि शेवटी, त्या अनोळखी सुरात, अगदी सावकाश, ऐकू आलं, ‘अ-नु-सा-या’.

मी रडले. नीट सांगायचं तर ओरडून रडले, अनोळखी लोकांच्या मध्ये, पदरात तोंड खुपसून. कुणी वळून पाहिलं नाही. आजीबाई माझ्या पाठीवर टकटकीच्या तालात थोपटत राहिल्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. रडणं ओसरलं तेव्हा ध्यानात आलं की माझे ओठ नुसते हलत नाहीयेत. मी त्रिशरण म्हणत होते. मोठ्याने, माझ्या आवाजात, आईच्या चालीत. भोवती त्यांचा पाठ चालू होता आणि मध्ये माझा. तो मी सुरू केला नव्हता. आपोआप सुरू झाला होता, यापलीकडे रिपोर्टात मला काही लिहिता येत नाही.

सगळं आटोपल्यावर मूर्तीपुढची फळं वाटायला काढली. आजीबाईंनी परडीतून एक हिरव्या सालीचं संत्रं उचललं, देठापाशी अंगठा दाबला, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. दुसरं उचललं, दाबलं, हुंगलं आणि ते माझ्या ओंजळीत दिलं. फळं निवडणाऱ्या बायका जगभर असंच करत असतील. असतीलच. मी ते संत्रं गाडीत बसून खाल्लं. गोड होतं.

हॉटेलवर येऊन लानला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अगं, कुणाचं तरी मृत्यूनंतरचं एकोणपन्नासाव्या दिवसाचं कार्य असणार, त्यात बाकीचेही आपापल्या गेलेल्यांची नावं लिहितात. पांढऱ्यातली बाई, डोक्यावर पांढरं. त्यांना वाटलं, तुझं कुणीतरी गेलंय.’

मी म्हटलं, ‘गेलंच होतं की.’

परत आल्यावर एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी नातीचं बारसं केलं. प्रज्ञाच्या दिवाणखान्यात फायरप्लेसवर मूर्ती ठेवली. मी तीच साडी नेसले होते, पदरावर संत्र्याच्या रसाचा डाग होता, तो मुद्दाम काढला नव्हता. हर्नडनच्या काकूही आल्या होत्या, आता त्या थकल्या आहेत. त्यांच्यापाशी जाऊन मी जुन्या लेक्चरबद्दल माफी मागितली. त्यांना ते आठवतच नव्हतं. एवढी वर्षं मी एकटीच ते भांडण सांभाळून बसले होते.

बाबा म्हणायचे ते मला आजही पटतं, बुद्ध देत नाही. त्या दिवशीही मी काही मागितलं नव्हतं. फक्त इतकं कळलं की जन्मभर तोंडाने शरण जाते म्हणत आले आणि मनगट मात्र कुणाच्या हाती दिलं नाही. ज्या बाईने ते धरलं तिचं नावही मला ठाऊक नाही. रोज एकदा तिची आठवण काढून हात जोडते.

वंदना सुरू केली तेव्हा बाळ प्रज्ञाच्या मांडीवर होतं. दुसऱ्या ओळीनंतर प्रज्ञा हळूच म्हणाली, “आई, व्हाय आर यू स्टॉपिंग? विसरलीस का?”

विसरले नव्हते. आता प्रत्येक ओळ संपली की मी अर्धा क्षण थांबते. आईचा आवाज पोचायला तेवढा वेळ लागतो.