जर्मन विमानाची खंडेनवमी

विमानांवरची पुस्तकं मी जमवायला लागलो तेव्हा मी जमिनीवर उभं असलेलं विमान पाहिलेलंसुद्धा नव्हतं. अमरावतीच्या आभाळातून कधीमधी एखादं जायचं, तेही इतक्या उंचावरून की ते विमान आहे की घार हे ठरेपर्यंत बडनेऱ्याच्या पलीकडे दिसेनासं व्हायचं. पण त्याचं इंजिन कोणत्या जातीचं असेल यावर मी तासभर बोलू शकायचो, आणि ऐकणारा जरा भिडस्त निघाला तर बोलायचोच.

घर आमचं भिक्षुकाचं. बाबा गावोगाव जाऊन लग्नंमुंजी लावायचे, सत्यनारायण सांगायचे. त्यांच्या लेखी विमानं दोनच. एक पुराणातलं पुष्पक आणि दुसरं पुण्यवान माणसाला न्यायला येतं ते. दोन्हींना पेट्रोल लागत नसे, त्यामुळे माझ्या विमानांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "एवढी पुस्तकं वाचून तुला पाठ काय झालं?" असं ते विचारत. पाठ नाही ते ज्ञानच नाही, हा त्यांचा हिशेब. आणि मला बॉम्बफेकी विमानांच्या लांब्यारुंद्या खरोखर पाठ होत्या. त्या म्हणून दाखवल्या की ते आंघोळीला निघून जात.

मी अकोल्याला एका शाळेत इतिहास शिकवायचो. भाड्याची खोली होती, आणि तिच्या कौलांचा पाण्याला विरोध नव्हता. त्यामुळे पुस्तकं मिळायची अकोल्यात आणि राहायची अमरावतीला. दर शनिवारी एसटीत मांडीवर एखादं महायुद्ध घेऊन मी घरी जायचो. शेजारचा प्रवासी विचारायचा, "मास्तर, पोथी हाय का?" मी होय म्हणायचो. खोटं काही नव्हतं त्यात, पोथीतही माणसं मरतातच.

पुस्तकं यायची रद्दीतून. इंग्रज गेले, त्यांचे क्लब ओस पडले, आणि साहेबलोकांची कपाटंच्या कपाटं कापूसबाजाराजवळच्या एका रद्दीवाल्याच्या दुकानात येऊन पडली. कादंबऱ्या पहिल्या महिन्यातच दाण्याफुटाण्यांच्या पुड्या होऊन संपल्या. युद्धाची पुस्तकं मात्र उरली, कारण त्यांतले फोटो गुळगुळीत जाड कागदावर छापलेले, आणि त्या कागदाची पुडी काही केल्या नीट वळत नाही. रद्दीवाला वैतागून म्हणायचा, "मास्तर, हे लढायांचं सामान घेऊन जा बाप्पा. माह्या काय कामाचं?" माझा संग्रह असा फुटाण्यांनी नाकारल्यामुळे उभा राहिला, हे मी पाहुण्यांना सांगत नसे.

पाहुण्यांना मी फक्त कपाट दाखवायचो, तेही बंद. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात नाही, पान दुमडायचं नाही, थुंकी लावून उलटायचं नाही, आणि उसनं तर मुळीच द्यायचं नाही. बाबांचं सोवळंही एवढं कडक नव्हतं. तरी एकदा गुरुकुंज मोझरीच्या आश्रमाला निघालेले आईचे एक मामा मुक्कामाला थांबले आणि उशी सापडेना म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या जाडजूड इतिहासावर डोकं टेकून झोपले. सकाळी म्हणाले, "लय शांत झोप लागली." मी आठवडाभर धुमसत होतो.

या सगळ्या कडक बंदोबस्तातून एकच माणूस सुटला, माझा धाकटा भाऊ. मी अकोल्याला असलो की कपाटाची किल्ली त्याच्याच हातात. कॉलेजात तो इंटरला आपटला, पण इकडे कपाट वरपासून खालपर्यंत वाचून काढलं, आणि एक दिवस नागपूरला जाऊन विमानदलात भरती होऊन आला. वैमानिक नव्हे, इंजिनं दुरुस्त करणारा. आईला तो फरक पटला नाही. भातकुलीकडच्या शेतकरी वळणाची माझी आई एरवी फार बोलत नसे, पण त्या दिवशी कपाटापुढे उभी राहून मला म्हणाली, "तुह्या पुस्तकाईनं पोट्टं नेलं माह्यं."

"माझ्या पुस्तकांनी मलाही न्यायला पाहिजे होतं मग," मी म्हणालो.

"तू कुठी जातं? तुले तर बडनेऱ्याच्या गाडीत बसलं तरी मळमळते."



पासष्ट साली लढाई पेटली आणि अकोल्यात माझा भाव एकदम वाढला. खिडक्यांना काळे कागद लागले, शाळेच्या मैदानात खंदक खणले गेले, त्यांत मुलांआधी कुत्री जाऊन बसली. पानठेल्यावर लोक मला गाठून विचारायचे, "मास्तर, काय म्हन्ते तुमचं शास्त्र?" मी भविष्य सांगायचो आणि ते दुसऱ्या दिवशी रेडिओवर खोटं ठरायचं. तरी लोक पुन्हा विचारायचे, कारण एवढ्या जाड पुस्तकांचा मालक दुसरा कोणी गावात नव्हता.

भावाचं शेवटचं कार्ड लढाईच्या आधी आलं होतं. मग काहीच नाही. लढाई थांबली, रेडिओनं तसं सांगितलं, तरीही काही नाही. बाबा संध्या करताना मधेच थांबून दाराकडे बघू लागले. मी बाहेर सगळ्यांना टपालाचा घोळ असेल म्हणून सांगायचो, पण मला भीती वाटत होती. लढायांची एवढी वर्णनं वाचलेल्या माणसाला वाटते तशी नेमकी, तपशीलवार भीती. विमानतळावर बॉम्ब पडतात तेव्हा आधी कोण मरतं हे मला ठाऊक होतं. वैमानिक वर असतात. इंजिनवाले खाली असतात.

तशातच नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची पूजा असते. पाटावर आईची विळी, बाबांची पळीपंचपात्री, माझं म्हणून एक डस्टर आणि खडू. दरवर्षीचंच. त्या संध्याकाळी मी अकोल्याहून घरी पोचलो तर पाटाच्या मधोमध माझं पुस्तक उघडं पडलं होतं. संग्रहातलं सगळ्यात देखणं, मोठ्या आकाराचं. पानभर फोटो: एक लढाऊ विमान, आणि पंखाला हात टेकून उभा एक कोवळा पोरगा, मोठ्या कानांचा, उन्हानं डोळे बारीक केलेला. त्या विमानाच्या नाकाला हळद लागलेली, कुंकू लागलेलं, पंखावर झेंडूचं फूल. आर्ट पेपरवर हळद कशी पसरते ते मी त्या दिवशी पाहिलं.

"आई! हे काय केलंस?"

"काय केलं? सगळ्याईच्या हत्याराची पूजा हाय. त्याचं हत्यार तं इमानच ना? त्याचं इमान मी कुठून आणू?"

"अगं पण हे आपलं विमान नाही. हे जर्मन आहे. शत्रूचं."

आईनं शांतपणे फूल सरळ केलं. "मंग काय झालं? सैपाकघरात निम्मी भांडी जर्मनचीच हायेत."

बाबा खांबाला टेकून बसले होते. ते हसले. कित्येक दिवसांनी हसले. आईनं तेच पान का निवडलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. भावाचेही कान तसेच होते.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. नवमीची पूजा दसऱ्याला उतरवायची असते. उत्तरपूजा करायची, अक्षता वाहायच्या, वस्तू जरा हलवायच्या, मग ज्याची त्यानं उचलायची. बाबा अक्षता घेऊन बसले. विळी उतरली, पळीपंचपात्री उतरली, माझं डस्टर उतरलं. पुस्तकापाशी हात गेला तसा आईनं तो धरला.

"याची नाही उतरवायची. पोट्टं घरी आल्यावर उतरवीन."

"अगं, असं शास्त्रात नाही," बाबा म्हणाले.

"तुमचं शास्त्र तुमच्या यजमानाईले सांगा."

सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या घरी शास्त्र सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात अक्षता खाली ठेवल्या. मग उठून तो पाट त्यांनीच देवघरात नेऊन ठेवला.

अशा रीतीनं आमच्याकडे खंडेनवमी लांबत गेली. दर शनिवारी मी यायचो आणि बघायचो: नवं कुंकू, नवं फूल, आणि एकदा तर चक्क साखरेचा खडा, त्याला मुंग्या. कोजागिरीला विमानाला दूध दाखवलं गेलं. दिवाळीच्या पहाटे त्याच्यापुढे पणती लागली, आणि पानाच्या कडेला तेलाचा डाग पडला. एरवी कोणी एवढं केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता मात्र डाग मोजण्यापेक्षा मी दाराकडेच जास्त बघायचो.

भाऊ दिवाळीनंतर आला. भर दुपारी, टांग्यातून, खांद्यावर ट्रंक, आणि तोंडावर कुठूनतरी सिनेमा बघून आल्यासारखा भाव. पत्र का नाही टाकलं म्हणून बाबा ओरडले तर म्हणे, "टाकलं ना! नाही पोचलं? मग खिशातच राह्यलं असन." आईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, दुसरा घातला, आणि तिसऱ्याला तिचा हात तिथेच राहिला. ती रडत होती. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि माठातलं पाणी आधी स्वतःच्याच तोंडावर मारलं.

जेवण झाल्यावर त्याला देवघरात नेलं. पाटावरचं पुस्तक बघून तो आधी हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून जास्तच हसला. "दादा, तुमचं ते पुस्तक! आन तुमी जिवंत कसे?"

"मले थोडीच इमान पाहिजे होतं," आई म्हणाली. "मले पोट्टं पाहिजे होतं. आलं."

तिनं बाबांकडून अक्षता घेतल्या. उत्तरपूजा होणार, पुस्तक परत कपाटात जाणार. ते कसं पुसायचं, कापूस बरा की ब्लॉटिंग पेपर, एवढा विचारही मी करून ठेवला होता. आईनं मूठ पानावर नेली आणि थांबली. मग त्या जर्मन पोराच्या फोटोखाली बोट ठेवून तिनं मला विचारलं,

"आन हा? हा आला का रे घरी?"

फोटोखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी त्या वाचल्या. मला त्या पाठ होत्या, तरी वाचल्या. विमानाचा वेग होता, तोफा किती ते होतं, इंजिन कोणत्या कारखान्यातलं ते होतं. पोराबद्दल काही नव्हतं. मी मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. मग कपाटाकडे पाहिलं, फुटाण्यांनी नाकारलेल्या, एवढ्या वर्षांत एसटीनं वाहून आणलेल्या माझ्या सगळ्या युद्धांकडे.

"माहीत नाही," मी म्हणालो.

आईनं अक्षता परत वाटीत टाकल्या.

"मंग याची राहू दे तशीच," ती म्हणाली.

पुस्तक कपाटात परत आलं नाही. ते देवघरातच राहिलं, आणि आई होती तोवर त्या पोराला रोज फूल मिळालं.