लखनच्या नावाची मूठ

अत्रि ऋषींनी पुत्र मागितला, तेव्हा परमेश्वरानं स्वतःलाच त्यांच्या घरी देऊन टाकलं. म्हणून त्याचं नाव दत्त. दत्त म्हणजे दिलेला. त्या दिगंबराच्या चरणी मस्तक ठेवून, अनसूयामाईच्या ओटीला वंदन करून, उधन्याच्या उषाबाईंची कथा सांगायची आहे. लोक म्हणतात दत्तक घेतला, मांडीवर घेतला, ओटीत घेतला. जिभेवर सगळं घेणंच असतं. शब्दाच्या पोटात मात्र देणं आहे, आणि ते देणं कसं असतं, हे उषाबाईंनी एका श्रावणात डोळ्यांनी पाहिलं.

उषाबाई अमळनेरकडच्या. लग्न झालं आणि नवऱ्याच्या, शालिग्रामच्या, मागोमाग सुरतेला, उधना भागात आल्या. शालिग्राम लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, पाळी करायचे. उषाबाई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायच्या. कात्री चालायची, ओठांवर नाम चालायचं. कष्टाला उणं नव्हतं, भक्तीला उणं नव्हतं. कूस तेवढी उजवली नाही. कोणाकडे बारसं असलं की त्या आधी जाऊन राबायच्या, आणि पाळणा म्हणायची वेळ आली की मोरीत भांडी घासायला बसायच्या.

धाकटी बहीण रंजना सुरतेजवळच्या सचिन गावात राहायची. तिला तीन मुलगे. १९९६च्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, वाल्मिकनं, दोन वर्षांच्या लखनला ब्राह्मणासमोर उचललं आणि शालिग्रामच्या मांडीवर ठेवलं. होम झाला, कागद झाला, पेढे वाटले. रंजनानं होकार दिला होता, अंगठाही दिला होता. पण मूल या मांडीवरून त्या मांडीवर गेलं, तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मग श्रावण आला. खानदेशी माणूस कुठंही पोट भरो, नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याच्या घरी कुळाची देवी कानबाई बसते. आदल्या दिवशी रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू काढायचे. घरातल्या एकेका पुरुषाचं, एकेका मुलाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्या गव्हाचा रोट कुळातल्यांनीच खायचा; परक्याला त्याचा कणही नाही.

थोरले दीर सुकलाल यांच्या खोलीत भाऊबंद जमले होते. जाऊबाई सरस्वती सूप धरून बसल्या होत्या. शालिग्रामच्या नावाची मूठ पडली. उषाबाईंनी लखनसाठी पोत्यात हात घातला, तोच सुकलाल म्हणाले, "थांब, उषा."

हात थांबला.

"पोऱ्याले वाढव, शाळामा घाल, मी नही म्हणस का? पण मूठ म्हणजे कूळ शे. रंजनानी तिकडे याना नावनी मूठ टाकी व्हई तं? एक पोऱ्या दोन कुळना रोट खाई का? माय कोपी."

"सासरवाडीना लाडू तुम्ही खातस, ते दोन कुळना नही व्हतस का?" सरस्वती म्हणाल्या.

"लाडू येगळा, रोट येगळा."

"मी विचारून येते, दादा," उषाबाई म्हणाल्या.

"जाय. मी सूप झाकी ठेवस," सरस्वती म्हणाल्या.

लखनला त्यांनी जाऊबाईंपाशीच ठेवलं. सोबत नेला आणि तो तिकडे रडून बसला, तर? ही भीती त्यांनी देवालाही बोलून दाखवली नाही.

सचिनला पोचल्या तेव्हा दार उघडं होतं. रंजना पाठमोरी बसून नावं घेत होती. सासऱ्यांचं, नवऱ्याचं, थोरल्याचं, मधल्याचं. मग ओंजळभर श्वास घ्यावा तशी ती थांबली, म्हणाली, "लखन," आणि मूठ सुपात पडली.

उंबऱ्यावर सावली पाहून ती वळली.

"आक्का, तोंडमाईन नाव निंघी गयं," रंजना म्हणाली. "हातले कोनी सांगंच नही."

उषाबाई आत येऊन तिच्यासमोर टेकल्या.

"सांगी दे, मूठ पडनी नही," रंजना म्हणाली. "कोन देखस?"

"खोट्यावर पोऱ्याले वाढवू का?"

रंजनानं सुपाकडे पाहिलं. एकात एक मिसळलेले गहू. त्यांतला लखनचा दाणा कोणता, हे विधात्यालाही सांगता आलं नसतं. तिनं हात घातला आणि ढिगातून मूठ भरली. उषाबाईंनी पदर पसरला. मूठ पदरावर आली, आणि उघडेना. बोटं पांढरी पडली तरी उघडेना.

ज्या पदरानं सारं आयुष्य वाट पाहिली, तो पदर उषाबाईंनी हलकेच मागं घेतला.

"रंजी, राहू दे. होत नसेल तर राहू दे. मी पोऱ्या आणून देते. कागदाचं मी बघते."

रंजना रडली नाही. तिनं दुसऱ्या हातानं तो पदर धरला, पुन्हा ओढून घेतला आणि मूठ उघडली. वर पाव मुठीचे दाणे टाकले.

"ले, आक्का. तवय त्याना बापनी दिधा व्हता. आते मी दिधा."

पदराची गाठ मारून उषाबाई उधन्याला परतल्या आणि घडलं ते सुकलालना जसंच्या तसं सांगितलं. सुकलाल कपाळाला आठी घालून म्हणाले, "परका कुळना गहू आपला सुपमा?"

"मी कोनता कुळनी शे?" सरस्वती म्हणाल्या. "मना बापनी दिधी तवय उनी ना? मना हातना रोट बरा पचस तुमले."

सुकलाल उठले, हात-पाय धुतले, उषाबाईंच्या पदरातले गहू स्वतःच्या ओंजळीत घेतले आणि ते सुपात सोडताना सगळ्या भाऊबंदांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लखन शालिग्राम."

आई कानबाई, या उषाबाईंना उदंड आयुष्य दे. शालिग्रामच्या अंगात बळ राहो, लखनच्या पायाला काटा न रुतो. सचिनच्या रंजनाचं घर तुझ्या कृपेत राहो. तिच्या मनातली रिकामी जागा तूच सांभाळ. या दोन्ही चुली पेटत्या राहोत, दोन्ही दारं एकमेकांसाठी उघडी राहोत. कल्याण असो, कल्याण असो.