नमुन्याबरहुकूम

गल्लीत त्याला सगळे गळक्या म्हणत. हे बारसं त्याच्या बापानेच केलं होतं, तेही भर गॅरेजात, गिऱ्हाइकांच्या देखत. असं नाव एकदा चिकटलं की सुटतंय कसलं! पुढे बायकोही रागावली की तेच म्हणायची.

झालं होतं असं. गॅरेजच्या चाव्या मुलाला द्यायच्या की जावयाला, हे बापाला ठरवायचं होतं. त्याने आपली जुनी मोटरसायकल पुढे केली. तिचे पुढचे शॉकअप गळत होते. "सीलं बदलून दाखव, चाव्या तुझ्या," तो मुलाला म्हणाला. सील म्हणजे शॉकअपच्या चकचकीत दांडीला घट्ट धरून बसणारी रबरी कडी. तिची पकड गेली की आतलं तेल बाहेर. काम काही डोंगर उचलण्याचं नव्हतं. बापाने जुनं सील नमुन्याला नेलं, त्याच्याशी ताडून नवी जोडी स्वतः आणली, मुलाने ती बसवली. आठवडा झाला नाही तोच दांड्या तेलाने माखल्या. पुन्हा आणली, पुन्हा बसवली, पुन्हा गळली. "हाताला गुणच नाही याच्या. गळक्या मेला!" बाप म्हणाला आणि गिऱ्हाइकं खो खो हसली. चाव्या जावयाच्या खिशात गेल्या.

मुलगा एका दवाखान्याची लिफ्ट चालवायला लागला. "रोज वर जातो मी, फक्त तिथे टिकत नाही," हा विनोद तो स्वतःच करायचा, म्हणजे दुसऱ्याला करायला उरू नये. गळकी गाडीही शेवटी त्याच्याच गळ्यात पडली. तो तिच्यावरून कामाला जायचा, पँटीला तेलाचे डाग घेऊन लिफ्टमध्ये उभा राहायचा, आणि तेल फारच वाहायला लागलं की जुनं सील खिशात टाकून तस्संच दुसरं आणायचा.

यंदा नेहमीचं दुकान बंद पडलं होतं. नव्या दुकानातल्या बाईने त्याच्या तळहातावरच्या सीलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"नमुना नको. दांडी मोजून आणा."

"अहो ताई, इतकी वर्षं हेच बसतंय."

"बसतंय. आणि गळतंय, हो ना?"

तो तणतणत घरी आला आणि दांडी मोजली. एकतीस मिलिमीटर भरली. मग चष्मा लावून त्याने सीलच्या कडेवरची घाण नखाने खरवडली. तिथे आतल्या भोकाचं माप कोरलेलं होतं, तेहतीस. बाहेरचा घेर तोच, म्हणून ते बसायचं. बापाने कधीतरी मोठ्या गाडीची सीलं या गाडीत ठोकली असणार, आणि मग प्रत्येक नवी जोडी त्या चुकीशी तंतोतंत जुळवून आणली. आकडा सगळा वेळ डोळ्यांसमोर होता. पण बापाने आणलेली वस्तू मोजून बघायची? एवढा उद्धटपणा त्याच्या घरात कुणी केला नव्हता. तो जमिनीवर बसून राहिला, आणि संतापाने त्याला रडू आलं.

एकतिसाची जोडी त्याने स्वतः निवडली, स्वतः बसवली. महिनाभर खड्ड्याखड्ड्यांतून गाडी घातली. मग पांढऱ्या फडक्याने दांड्या पुसल्या. फडकं कोरडं निघालं.

ते फडकं, काढलेलं जुनं सील आणि एकतिसाचं एक जास्तीचं सील घेऊन तो बापाकडे गेला. बाप आता जावयाकडे, गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायचा. डोळे अधू झाले होते. मुलाला फक्त एक वाक्य हवं होतं: चुकलं माझं. तेवढं मिळालं असतं तर लिफ्टमधली सगळी वर्षं त्याने सोडून दिली असती. त्याने एकतीस, तेहतीस, सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने दोन्ही सीलं बोटांनी चाचपली, दोन्हींच्या भोकांत बोट फिरवून पाहिलं.

"मग तेव्हाच का नाही मोजलंस?"

"तुम्ही आणली होती, बाबा."

"मी आणली म्हणून काय झालं? मेकॅनिक मोजून घेतो. जावयाने मोजली असती." म्हाताऱ्याने सीलं त्याच्या हातात परत ठेवली. "उगाच नाही दिल्या चाव्या त्याला."

मग त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली, "अगं, गळक्या आलाय. चहा टाक."

मुलाने तो चहाही मुकाट्याने प्यायला.