स्वतःचं मानपत्र

आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी एकट्या जळगाव जिल्ह्यात जेवढे सूर्य उगवायला लावले, तेवढे खऱ्या आकाशातही कधी उगवले नसतील. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, कुणी सोसायटीचा चेअरमन झाला, की मानपत्रासाठी लोक यांचं घर गाठत. सर त्या माणसाला ज्ञानसूर्य, कर्मसूर्य, अगदीच काही नाही तर सहकारसूर्य तरी करून सोडत. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या एका फोरमनला त्यांनी 'शांतीचे पुजारी' म्हटलं होतं. जामनेरकडच्या एका तरुण ग्रामसेवकाच्या निरोपाला तर 'सुशील सहधर्मचारिणीची मोलाची साथ' हे नेहमीचं वाक्य तसंच राहिलं. ग्रामसेवक बिचारा अविवाहित! मानपत्र छापून, काचेत बसवून घरात लागलं आणि त्याला स्थळं येणं बंद झालं. तो तक्रार घेऊन आला तेव्हा सर म्हणाले, "वाक्य काढलं असतं तर परिच्छेद पांगळा झाला असता हो!"

एका जागी बसून लिहिणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. एक वाक्य टेबलापाशी, दुसरं खिडकीपाशी, आणि तिसरं अडलं की थेट माझ्या गणिताच्या तासाला दारात हजर. "सर, अथांग आणि अगाध एकापुढे एक चालतील का?" मी म्हणायचो, चालतील, पण ज्याला पोहता येतं त्यालाच द्या. ते गंभीरपणे मान हलवून निघून जात आणि पाच मिनिटांत अगाध खोडल्याचं सांगायला परत येत. माणूस मूळचा धुळ्याकडचा, घरात अहिराणी. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की इस्त्री केल्याशिवाय शब्द तोंडातून काढायचे नाहीत. असोद्याहून भरिताची वांगी घेऊन येणाऱ्या बाईला एकदा त्यांनी विचारलं, "ताई, या वृंताकांचा दर काय?" ती म्हणाली, "मास्तर, वांगे घ्यायचे असतीन त घ्या, नावं काहून ठेवता?"

अशा माणसावर निवृत्तीची वेळ आली. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनी जरा चाचरत विषय काढला. "सर, तुमच्या मानपत्राचं तेवढं... म्हणजे दुसरं कोण लिहिणार? तुम्हाला सवय आहे." आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सरही हसून हो म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांचं चित्त उडालं. वर्गात फळा पुसायचे, पुन्हा पुसायचे. चहा सांगायचे आणि तो येण्याआधी उठून जायचे. एका संध्याकाळी माझ्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसेनात, कपाटापासून दारापर्यंत येरझारा घालत राहिले. मग एकदम थांबले आणि इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याशी घरच्या बोलीत बोलले.

"बठ्ठं लिखाई गयं, पन याम्हा मी कोठेच नही!"

मी थट्टेनं म्हणालो, सगळं लिहून झालंय ना, मग त्यात नाव घाला की झालं. ते हसले नाहीत. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचे शब्द दुसऱ्यांना वाटले. माझं म्हणावं असं एक वाक्य तरी माझ्याकडे असेल की नाही हो?" ते उत्तरासाठी थांबले नाहीत. गडबडीत एक चप्पल माझी, एक त्यांची घालून निघून गेले.

समारंभाला हॉल भरला होता. मुख्याध्यापकांनी घसा साफ करून मानपत्र वाचायला घेतलं. "सर, तुम्ही धुळ्याकडच्या एका खेड्यातून आलात. कॉलेजात तुमच्या बोलण्याला वर्ग हसला आणि तुम्ही घाबरलात. मग मोठमोठे शब्द गोळा करून तुम्ही त्यांच्याआड उभे राहिलात. कविता शिकवताना कधी भान सुटलं की मात्र घरच्यासारखं बोलायचात. मुलं तेव्हा हसायची नाहीत, ऐकायची. हे तुमच्या फार उशिरा लक्षात आलं." एवढंच. मुख्याध्यापकांनी कागद उलटून पाहिला, टेबलाखालीही नजर टाकली. उरलेलं पान कुठेतरी पडलं, असं त्यांना वाटलं. टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणालाच कळेना.

पुढच्या रांगेत सरांची पत्नी शाल-नारळ मांडीवर घेऊन बसली होती. आजवरचं प्रत्येक मानपत्र छापायला जाण्याआधी या माउलीला ऐकावं लागलं होतं. सर शेजारी येऊन बसले तेव्हा ती हळूच म्हणाली, "इतलं लिखं जनमभर. आजनं मानपत्र तेवढं तुम्हनं वाटनं."

महिन्याभरात त्यांनी जळगावातलं बिऱ्हाड हलवलं आणि ते धुळ्याला गेले. तिथे पुढे काही लिहिलं की नाही, कळलं नाही. मला हळहळ एवढीच वाटते, की त्यांचा खरा आवाज आम्हाला ज्या दिवशी ऐकू आला, त्याच दिवशी आम्ही त्यांना निरोप देत होतो.