एका खांबावरच्या दोन लाइनी

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या मुर्धा गावच्या मिठागरातून विजेच्या दोन लाइनी एकाच खांबांवरून जायच्या होत्या. त्या कामावरचे एक इंजिनियर मला अजून आठवतात. पेन्सिल दातांत धरून ते बांधावर बसत आणि तारांत विजेला किती अडथळा होईल, त्याचा हिशेब करत. एकदा पुरा झालेला कागद त्यांनी स्वतःच फाडला.

"दुसरी लाइन धरलीच नव्हती."

"ती तं येगली हाय ना, सायेब?" माझ्या बाने विचारलं.

"खांब एकच आहे ना! शिवत नसल्या, तरी एकीचा दुसरीला त्रास होतोच."

तपासणारं कुणी नव्हतं, तरी ते हसत पहिल्या आकड्यापासून पुन्हा हिशेबाला बसले.

आमच्याच घरात मधल्या भिंतीपलीकडे काका राहायचा. दोघा भावांचा कित्येक वर्षांचा अबोला. त्या संध्याकाळी बा भिंतीजवळ गेला.

"जेवलास काय रं?"