पोत्यातली पोरं

पोलिसाची शिट्टी कानावर आली की माझी अखंड बडबड गपकन थांबते. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गावच्या अंगणवाडीत पोलीसकाका भेटायला येणार होते, आणि बाईंनी मला, गावातल्या अव्वल थापाड्याला, पोरांना त्यांची आधी ओळख करून द्यायला सांगितलं. पोलीस मदत करतात, एवढ्यावर माझं कसं भागणार? मी त्यांच्या मिशा बैलाच्या शिंगांएवढ्या केल्या, आणि रडकी पोरं ते पोत्यात भरून नेतात हेही ठोकून दिलं. दुसऱ्याच दिवशी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात अंगणवाडीतली एक चिमुरडी हरवली. लाखभर म्हशींच्या शेणामुतातून हवालदार शिट्टी फुंकत, तिला हाका मारत फिरला. मागं तिची आई, ऊर बडवत. दिवस कलता ती कडब्याच्या गंजीत सापडली, हुंदका बाहेर पडू नये म्हणून तोंडात फ्रॉक कोंबलेली. "हाका ऐकू आल्या न्हाईत व्हय गं?" आईनं विचारलं. "आल्या की. पन पोलीस हुता ना." आता ती कॉलेजात जाते. परवा एसटी स्टँडवर भेटली तेव्हा मी म्हणालो, "ती माझी थाप हुती गं, पोरी." "ठाऊक हाय मला, मामा," म्हणून ती हसली, आणि समोरून खाकी वर्दी येताना दिसताच माझ्या पाठीमागं सरकली.