दुसरी ताटली

"प्रयोगात लोक हसत होते, गुद्रून! आपल्या पप्पांना हसत होते."

"पप्पांना नाही, मला. तेही सुरुवातीलाच. नंतर कोणी खोकलंसुद्धा नाही."

"तेवढा ताटल्यांचा भाग काढून टाक. नाहीतर शनिवारी मी त्यांना नाटकाला आणणार नाही."

"नको आणूस. रुळाखाली लटकणाऱ्या झुलत्या रेल्वेनं येतील ते. त्यांना काय रस्ता माहीत नाही?"

रविवारच्या कॉफीला डेटलेफ वुपरटाल शहरातल्या बार्मेन भागात वडिलांच्या घरी आला की बहिणीशी त्याचं वाजायचंच. पण आज त्यानं आलुबुखारच्या केकलाही हात लावला नव्हता.

गुद्रून हासेनकाम्प उंचीला ताड, खांद्यांनी रुंद. बॅलेवाल्यांनी "हिला उचलणार कोण?" म्हणत तिला वाटेला लावलं होतं. वुपरटालच्या नृत्यनाट्याच्या मंडळीत मात्र उंचीची चौकशी झाली नाही. तिथं तालमीत प्रश्न टाकला जायचा: घरात एकटं उरलेलं माणूस काय करतं? उत्तर तोंडानं नाही, अंगानं द्यायचं. गुद्रूननं दोन ताटल्या मांडल्या, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि एक उचलून परत कपाटात ठेवली. आई गेल्यापासून पप्पा रोज हेच करत होते. पुन्हा मांडली, पुन्हा उचलली. वेग वाढत गेला, आणि शेवटी लांब रेशमी झग्यात ती टेबलापासून कपाटापर्यंत नुसती धावत सुटली. तिचा नाच तिला तिथं सापडला होता. तो ती कोणासाठी सोडणार नव्हती.

"करून दाखव बघू."

दारात पप्पा उभे. बागेतून कधी आले, कळलंच नाही. चिखलाचे बूट हातात.

गुद्रून खुर्चीवरून उठली. तिनं केकच्या दोन ताटल्या उचलल्या आणि दम लागेस्तोवर सगळं करून दाखवलं.

पप्पांनी बूट खाली ठेवले. "एवढा धावलो असतो तर माझं पोट तरी उतरलं असतं." मग म्हणाले, "शनिवारी किती वाजता?"

"पप्पा, घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडतेय ही! मी तर बघताक्षणी ओळखलं. ताटली ठेवल्यावर तुम्ही पँटला हात पुसता, तेसुद्धा सोडलं नाही हिनं!"

"म्हणजे तुलाही दिसत होतं," पप्पा म्हणाले. "मग इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीस तो, डेटलेफ?"

डेटलेफनं टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि कोट हातातच घेऊन तो जिना उतरून गेला.